करवंदीच्या जाळीमागचा पराक्रम

एका जंगलात एक पोलीस चौकी होती. जंगलात चौकी कशाला, असं विचारू नका पिल्लांनो. आम्हीही विचारलं नव्हतं. शेजारच्या जंगलात महिला चौकी निघाली, म्हणून आमच्याही महाराजांनी काढली. एवढं कारण राज्य चालवायला पुरतं.

महाराज वाघ होते. गोष्टीत राजा सिंह असतो हे मला माहीत आहे. पण आमच्याकडे सिंह नव्हते. आमच्याकडे जे होतं त्यातच आम्हाला भागवावं लागे. म्हणून तर पोलिसात मी होते.

मी कौसल्या. जातीची लांडोर. मोराला पिसारा असतो. लांडोरीला काय असतं, तर समोर नाचणारा मोर असतो. घरच्यांनी मला बरेच मोर दाखवले. प्रत्येक जण माझ्यासमोर नाचायचा, स्वतःवरच खूश व्हायचा आणि निघून जायचा. माझ्याकडे बघायचं त्यांच्या लक्षातच राहत नसे. शेवटी मी म्हटलं, आपण नोकरी करू. तेव्हा पोलिसात भरती चालू होती. पळण्याच्या परीक्षेत मी पहिली आले. मागून कुणीतरी फटाका वाजवला होता. माझी जिद्द बघून साहेब थक्क झाले.

वर्दी मिळाली ती रानबोक्याच्या मापाची. पट्टा पोटाभोवती दोनदा फिरवला तरी खाली यायचा. टोपी डोळ्यांवर यायची. मी सलाम ठोकला की टोपी पडायची, आणि ती उचलायला वाकले की पट्टा.

चौकीत माझ्या वरच्या जागेवर हवालदार भागीरथीबाई होत्या. जातीच्या साळिंदर. पाठीवर काटे, आणि जिभेवर त्याहून जास्त. मी पहिल्याच दिवशी त्यांना "मॅडम" म्हटलं.

"मॅडम राजवाड्यात असतात. इथे अक्का म्हण," त्या म्हणाल्या. "आणि ती टोपी काढ. समोरचं दिसू दे."

आमचं काम काय होतं? मोहाची फुलं खाऊन वाटेत आडव्या पडलेल्या अस्वलाला उठवणं. माकडांच्या भांडणात मध्ये पडणं आणि दोन्हीकडून फळं खाणं, म्हणजे अंगावर. हरवलेली अंडी शोधणं आणि ती सापाच्या पोटात आहेत हे आईला सांगणं. हे शेवटचं काम अक्का मला कधी करू देत नसत. "तू रडायला लागतेस. मग ती आई तुझीच समजूत काढत बसते," त्या म्हणत. ते खरं होतं.

मी रोज ठरवायची की नोकरी सोडायची. रोज सकाळी अक्कांना सांगायला जायची. अक्का म्हणायच्या, "सांग की. पण आधी ते अस्वल उठवून ये." अस्वल उठेपर्यंत संध्याकाळ व्हायची.

तर पिल्लांनो, आमच्या जंगलात एकच मोठा पाणवठा होता. उन्हाळ्यात सगळं जंगल तिथे येई. म्हणून महाराजांचा कायदा होता की पाणवठ्यावर आणि पाणवठ्याच्या वाटेवर कुणी कुणाला धरायचं नाही. चांगला कायदा होता. एका मोठ्या दगडावर तो कोरलाही होता. ज्यांनी तो पाळायचा त्यांना वाचता येत नव्हतं, एवढीच अडचण.

एका दुपारी चौकीत मालन आली. मालन भेकर होती. भेकर म्हणजे लहानसं हरीण, एरवी फार लाजाळू. ती दारातच उभी राहिली. तिचे ओठ सुकले होते.

"ताई, तक्रार द्यायची होती," ती म्हणाली.

"कुणाविरुद्ध?" मी टोपी सावरत विचारलं.

"रणधीरविरुद्ध."

माझी टोपी पडली. रणधीर लांडगा म्हणजे प्रधानजींचा भाचा. त्याला शिकारीची गरज नव्हती. मामाच्या घरी रोज ताट वाढलेलं असे. म्हणून त्याच्याकडे वेळ भरपूर होता.

"काय केलं त्यानं?"

"काही नाही. नुसता वाटेवर बसतो." मालन जमिनीकडे बघत बोलत होती. "मी पाण्याकडे निघाले की उठतो. मी थांबले की बसतो. मी परत फिरले की हसतो. तीन-चार दिवस मी पाण्यापर्यंत गेलेच नाही. पाडस अंगावर पितंय, ताई. माझं दूध आटत चाललंय."

अक्का आतून बाहेर आल्या. "बोलला काही?"

"काल बोलला." मालनचा आवाज बारीक झाला. "म्हणाला, तुझ्या पाडसाचं नाव काय?"

अक्कांचे काटे हळूच उभे राहिले. मी ते पहिल्यांदाच पाहिलं.

आम्ही तिला घेऊन ठाणेदारसाहेबांकडे गेलो. ठाणेदारसाहेब जातीचे रानडुक्कर. स्वभावाने चांगले होते. चिखलात बसल्याशिवाय त्यांना विचार करता येत नसे, आणि चिखलात बसले की झोप लागे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"त्यानं हिला खाल्लंय का?" त्यांनी विचारलं.

"नाही साहेब," अक्का म्हणाल्या. "ही समोर उभी आहे."

"चावलाय?"

"नाही."

"मग गुन्हा कुठे घडला? बघणं गुन्हा आहे का? मीही बघतोय आत्ता हिच्याकडे." साहेबांनी मालनला समजावलं, अगदी मायेनं. "हे बघ बाई, त्यानं तुला खाल्लं की लगेच ये. आपण कडक कारवाई करू. कुणाचा भाचा आहे ते मी बघणार नाही."

मालननं मान हलवली. आमच्या जंगलात लोक साहेबांसमोर अशीच मान हलवतात. तिचा अर्थ 'हो' नसतो.

बाहेर आल्यावर अक्का म्हणाल्या, "उद्यापासून दुपारी आम्ही येतो तुझ्याबरोबर."

आणि आम्ही जाऊ लागलो. पुढे अक्का, मध्ये मालन, मागे मी. मागे राहायचं मीच मागून घेतलं होतं. संकट समोरून येतं अशी माझी समजूत होती. रणधीर वाटेवर बसलेला असे. अक्कांकडे बघून जांभई देई आणि बाजूला होई. मी त्याच्याजवळून जाताना डोळे मिटून घेत असे. तरी मालन पाणी पिऊन परतताना मला म्हणायची, "तुम्ही असलात की धीर येतो, ताई." मी म्हणायची, "त्यासाठीच तर आम्ही आहोत." माझे पाय तेव्हा कापत असायचे, पण वर्दी सैल असल्यामुळे दिसत नसे. सैल वर्दीचा तेवढाच फायदा.

मग महाराजांचा वाढदिवस आला.

राजवाड्यापासून टेकडीपर्यंत मिरवणूक होती. सगळ्या पोलिसांना बंदोबस्ताला बोलावलं. अक्का साहेबांकडे गेल्या. "दुपारी एकीला तरी सोडा," त्या म्हणाल्या. "त्या भेकरीला पाण्यावर न्यायचं असतं."

"भागीरथीबाई," साहेब म्हणाले, "तहान रोज लागते. वाढदिवस वर्षातून एकदाच येतो."

यावर काय बोलणार? आम्ही मालनला निरोप दिला, की आजचा दिवस कशीतरी तहान सोस, पाण्यावर जाऊ नकोस. ती "बरं" म्हणाली.

निघताना अक्का मला म्हणाल्या, "सकाळपासून पाणी प्यायली नाहीस ना?"

"का?"

"अगं, बंदोबस्ताला आपल्याला आडोसा नसतो. पुरुषांना काय, प्रत्येक झाड त्यांचंच आहे. आपण पाणीच प्यायचं नाही. मी गेली कित्येक वर्षं हेच करते."

हे मला कुणी प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं. मी चौकीतलं अख्खं मडकं पिऊन आले होते. ऊन फार होतं.

माझी नेमणूक मिरवणुकीच्या वाटेवर एका पळसाखाली झाली. अक्का पुढच्या वळणावर. मिरवणूक सकाळी निघणार होती. महाराज उठले नव्हते, म्हणून दुपारी निघायचं ठरलं. मी उभी होते. मी एका पायावर उभी राहिले. मग दुसऱ्या. मग मी देशभक्तीचा विचार करून पाहिला. मग धबधब्याचा विचार करायचा नाही असं ठरवलं, आणि त्यामुळे दुसरा कुठलाच विचार सुचेना.

शेवटी मी इकडे तिकडे पाहिलं आणि जागा सोडली.

जवळ आडोसा नव्हता. जिथे झुडूप दिसे तिथे कुणीतरी महाराजांच्या स्वागताला बसलेलं असे. मी पुढे पुढे जात राहिले. अर्धं रान तुडवलं. पाणवठ्याच्या वाटेला करवंदीची एक दाट जाळी होती. तिच्यामागे मी गेले.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. पुढे जे घडलं त्याआधी माझं काम पूर्ण झालं होतं. नंतर याविषयी लोक काहीबाही बोलले, म्हणून सांगितलं.

मी पट्टा आवळत होते तेवढ्यात जाळीच्या पलीकडून आवाज आला.

"आज पोलीस नाहीत वाटतं?"

तो आवाज मी ओळखला. माझी पिसं ताठ झाली. मी फटीतून पाहिलं. मालन जाळीला पाठ लावून उभी होती. समोर रणधीर. आज तो बसलेला नव्हता. मालनला तहान सोसवली नव्हती. कुणालाही सोसवली नसती.

मला काय वाटलं ते सांगते. मला वाटलं, लांडोरीला पंख असतात. उडावं, पळसाखाली जाऊन उभं राहावं. मी काही पाहिलंच नाही. माझी नेमणूक इथे नाहीच. नियमाने मी इथे असायलाच नको होते. पोलिसात आल्यापासून एखादा नियम मला इतका मनापासून पटला नव्हता.

मी उडायला पंख उघडले आणि एक पंख करवंदीच्या काट्यात अडकला. जाळी खसखसली.

"कोण आहे?" रणधीर गुरगुरला.

मी बाहेर आले. दुसरा रस्ताच नव्हता. टोपी डोळ्यांवर आली होती, म्हणून मला तो अर्धाच दिसत होता. अर्धाही पुष्कळ होता.

"पोलीस," मी म्हटलं. आवाज असा निघाला जसा अंड्यातून यावा.

"एकटीच?" तो म्हणाला.

मी उत्तर शोधत होते, तेवढ्यात मालन बोलली.

"आलात तुम्ही, ताई," ती म्हणाली. बस्स, इतकंच. तिचा श्वास सुटला, मानेतला ताण गेला. तिला वाटलं, मी तिच्यासाठी आले.

पिल्लांनो, आपल्याविषयी कुणी इतकं चांगलं समजलं, की पळून जाणं फार अवघड होऊन बसतं. मी प्रयत्न केला. पाय हललेच नाहीत.

मग मी काय करावं? लढाई मला येत नव्हती. प्रशिक्षणातलं मला एकच आठवत होतं. संशयित भेटला की काय विचारायचं, ते.

"नाव?" मी म्हटलं.

"काय?"

"पूर्ण नाव सांगा. आधी स्वतःचं, मग वडिलांचं."

तो हसला. "मला ओळखत नाहीस?"

"ओळखते. पण विचारावं लागतं."

"रणधीर. प्रधानजींचा भाचा."

"मामांचं नाव नाही विचारलं. वडिलांचं सांगा."

त्याचं हसू गेलं. त्याला हे कुणी कधी विचारलं नसावं. जिथे जाईल तिथे मामाचं नाव पुढे जाऊन दार उघडून ठेवत असे. क्षणभर तो नुसताच एक पोरगेला लांडगा दिसला, आणि मला त्याची जवळजवळ दया आली. भीतीत असं काहीही होतं.

"धंदा काय करता?" मी पुढचा प्रश्न विचारला.

तो माझ्याकडे बघत राहिला.

"काहीच नाही? मग बेकार असं म्हणू?"

हे मी खरंच अपमान करायला म्हटलं नव्हतं. नियमाने पुढचा प्रश्न तोच होता. पण त्याचे दात दिसले आणि तो माझ्यावर झेपावला. मी उडाले. म्हणजे उडणार होते. पट्टा घसरून पायात आला आणि मी पुन्हा करवंदीत पडले, या वेळी डोक्यावर.

वाट मोकळी झाली होती. मालन पळून जाऊ शकत होती. ती पळाली नाही. तिने चारही पाय रोवले, मान वर केली आणि भुंकली.

भेकर भुंकतं तेव्हा पलीकडची टेकडी ऐकते. इतके दिवस ती खालच्या आवाजात बोलत होती, सगळ्यांची माफी मागितल्यासारखी. आता ती भुंकली, पुन्हा भुंकली, थांबेचना. रणधीर दचकून तिच्याकडे वळला.

"कौसे!" दुसरीकडून आवाज आला. "जागा सोडून कुठे मेलीस गं? साहेब माझ्या नावानं बोंबलतायत! आज तुला सोडतच नाही—"

अक्का होत्या. पळसाखाली मी दिसले नाही म्हणून मला शिव्या द्यायला त्या शोधत आल्या होत्या. भुंकणं ऐकून त्यांनी वाट बदलली, पण शिव्या चालूच होत्या. वळणावर येऊन त्यांनी पाहिलं. मालन, रणधीर, आणि करवंदीतून वर आलेले माझे दोन पाय.

अक्कांनी एक शब्दही न बोलता पाठ फिरवली.

साळिंदर पाठ फिरवतं तेव्हा ते घाबरलं असं वाटतं. रणधीरलाही वाटलं. तो अक्कांच्या अंगावर धावला. अक्का उलट्या पावलांनी त्याच्याकडे धावल्या. पुढचं वर्णन मी करत नाही, तुम्ही लहान आहात. प्रधानजींच्या भाच्याचं नाक सुयांच्या डबीसारखं झालं, एवढं पुरे.

दुसऱ्या दिवशी मालनसकट आम्हाला दरबारात बोलावलं. तक्रार आमच्याविरुद्ध होती. प्रधानजींचं म्हणणं असं, की दोन पोलीस बायांनी कट केला. भेकरीला आमिष म्हणून उभं केलं, एक जाळीमागे दबा धरून बसली, दुसरी वळणावर थांबली आणि एका निष्पाप तरुणाला पकडलं.

दरबाराच्या दारात ठाणेदारसाहेबांनी मला बाजूला घेतलं. "तू म्हण, मला गुप्त खबर मिळाली होती," ते म्हणाले. "म्हणून जागा सोडली. लोकांना आवडेल. पदक मिळेल."

पदक! मी ते मनातल्या मनात छातीवर लावलेलं पाहिलं. सगळे मोर माझ्याकडे बघत होते. एकही नाचत नव्हता.

अक्का जवळच उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं. "तुला सांगायचं ते सांग," त्या म्हणाल्या. "माझी नोकरी तशीही थोडीच राहिलीय." आणि दुसरीकडे बघू लागल्या.

तेव्हा माझ्या छोट्या डोक्यात उजेड पडला. खबर होती म्हटलं की तयारी होती असं ठरणार. तयारी म्हणजे कट. अक्कांची नोकरी जाणार, मालन आमिष ठरणार, आणि मी पदक लावून फिरणार.

महाराजांनी विचारलं, "कौसल्या, तू नेमलेली जागा का सोडलीस?"

सगळा दरबार बघत होता. घरचे आले होते. दाखवलेले मोरही आले होते.

"महाराज," मी म्हटलं, "मला लघवीला लागली होती."

आधी तरस हसलं. तरस हसलं की कुणालाच थांबता येत नाही. माकडं फांद्यांवरून पडली. अस्वल पहिल्यांदाच शुद्धीवर असून लोळत होतं. माझी आई खाली बघत होती.

"दरबारात असले शब्द!" प्रधानजी ओरडले.

"पण इतक्या लांब का गेलीस?" महाराजांनी डोळे पुसत विचारलं.

"जवळ सोय नव्हती, महाराज. आम्हाला कुठेच नसते. म्हणून बाकीच्या जणी पाणीच पीत नाहीत. मी नवीन होते, प्यायले."

हसणं थोडं कमी झालं. बाया आधी थांबल्या.

"आणि भागीरथी, तू?"

"हिला शिव्या द्यायला गेले होते," अक्का म्हणाल्या. "निम्म्या अजून द्यायच्या राहिल्यात."

"आणि तू गं?"

"पाणी प्यायला," मालन म्हणाली. आता तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "कायद्याच्या वाटेवरून."

महाराज प्रधानजींकडे वळले. "यात कट कुठे आहे, मला दिसत नाही. आता तुमच्या भाच्याला विचारा, तो तिथे कशाला गेला होता?"

रणधीरला उत्तर देता आलं नाही. नाक सुजलं होतं म्हणून नाही. उत्तरच नव्हतं.

तर निकाल असा लागला. रणधीरला आमच्या पाणवठ्यावर बंदी झाली. मामांनी त्याला दूरच्या जंगलात पाठवलं, आणि ऐकते की तिथे तो उपप्रधान झाला. महिला कर्मचाऱ्यांना उत्तम तयार केल्याबद्दल ठाणेदारसाहेबांना पदक मिळालं. अक्कांची डोंगरावरच्या चौकीत बदली झाली, दरबारात शिव्यांचा उल्लेख केल्याबद्दल. जाताना त्यांनी उरलेल्या शिव्या मला मोजून दिल्या आणि मग माझी टोपी काढून चोच कुरवाळली. महिला पोलिसांसाठी आडोसाही बांधला गेला. महाराजांनी फीत कापली. त्याला कुलूप असतं आणि किल्ली साहेबांकडे असते. साहेब चिखलात असतात.

मला काही मिळालं नाही. नाव तेवढं मिळालं. ते मी तुम्हाला सांगणार नाही, तुमचे आईवडील सांगतील. मोर दाखवायचं मात्र घरच्यांनी बंद केलं.

नोकरी सोडायची म्हणून मी पुन्हा निघाले होते. वाटेत मालन पाण्याकडे चालली होती. मागे पाडस. मला तिने बोलावलं नाही, पण मी गेले. तिच्यापासून थोडी लांब उभी राहिले.

हरणं पाणी पिताना प्रत्येक घोटाला मान वर करतात, तुम्हाला ठाऊक आहे. कुणी येतंय का ते बघतात. अगदी जन्मापासून. मालन वाकली आणि प्यायली. पीत राहिली. एकदाही मान वर केली नाही. मी तिथे होते म्हणून. मी, कौसल्या, जिला अस्वल उठवता येत नाही. मी चारही दिशांना नीट बघत उभी राहिले, आणि राजीनामा द्यायचा राहून गेला.

तात्पर्य: कर्तव्य पार पाडायचं असेल तर आधी नेमून दिलेली जागा सोडावी. कारण कुठलंही चालतं.